उसना मका

रमजान ईदच्या सकाळी शीरखुर्म्यात आपण मूठभर चारोळी घालतो. ती येते कुठून, हा प्रश्न मला लग्न होईपर्यंत कधी पडला नव्हता. माझे माहेर मालेगावचे. तिथे चारोळी म्हणजे किराणा दुकानातली पुडी. अम्मी तिला चिरौंजी म्हणायची आणि महाग म्हणून मोजून वापरायची. लग्न होऊन धडगावला आले, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात सासरच्या अंगणात ताडपत्रीवर काळसर बियांचे ढीग वाळताना पाहिले. "हे काय?" असे विचारल्यावर सासूबाई हसल्या. "तुझा शीरखुर्मा," म्हणाल्या.

धडगाव हे सातपुड्याच्या पोटातले तालुक्याचे गाव. सरकारी कागदावर तालुक्याचे नाव अक्राणी. शहाद्याहून या की तळोद्याहून, घाट चढल्याशिवाय इथे पोहोचता येत नाही. उत्तरेला नर्मदा आणि तिच्या पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. वस्ती बहुतेक पावरा आणि भिल्लांची. सासऱ्यांचे वडील इथे मीठ, तेल आणि कापड विकायला आले आणि इथलेच झाले. डोंगरात तेव्हा रोख पैसा फारसा नव्हता. मीठ द्यायचे आणि चारोळी, मोहाची फुले, डिंक घ्यायचा. सासरे ही गोष्ट मोठ्या खुशीत सांगत, "मीठ सपाट मापाने जायचे, चारोळी शिगेच्या मापाने यायची." मीही ऐकून हसायचे. त्यातला हिशेब ध्यानात यायला मला बरीच वर्षे लागली.

पुढे काळ बदलला. मिठाचे दुकान खता-बियाण्यांचे झाले. संकरित मक्याच्या पिशव्या आमच्याच गल्ल्यावरून पाड्यापाड्यांत गेल्या. त्यात फसवणूक नव्हती. उत्पन्न खरेच जास्त यायचे, आणि ज्याच्या घरी पावसाळ्यात धान्य संपते त्याला जास्त पीक नको असेल असे म्हणायला मी कोण? पण संकरित बियाण्याचे पीक पुढच्या वर्षी बी म्हणून पेरले, तर ते आईबापावर जात नाही, फाटे फुटतात. म्हणून दर वर्षी नवी पिशवी घ्यावी लागते. एकदा घरचे बी मोडले की दुकानाची वाट कायमची. त्या वाटेवरच्या दुकानात माझा संसार उभा राहिला, हे लिहिताना जरा जड जाते.

मी शाळेत मराठी शिकवते. स्वतः सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकले, म्हणून घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असली की मुलाची जीभ कशी अडखळते ते मला माहीत आहे. माझी पावरी मुलेही तशीच अडखळतात. पण झाडांचा विषय निघाला की ती मला शिकवतात. एका पालकसभेला एक आजी नातवाबरोबर आली होती. शाळेच्या दाराशी मी हौसेने लावलेल्या कुंड्या तिने निरखून पाहिल्या. क्रोटन, बोगनवेल आणि कसलीशी विलायती फुले. मग अगदी साधेपणाने तिने विचारले, "मॅडम, यातलं खायचं काय?"

तिथून आमच्या गटाची सुरुवात झाली. दहा-बारा बायका. बहुतेक पावरा, दोन भिल्ल, आणि मी. सगळ्या आठवडे बाजाराला गावात येतातच, म्हणून त्याच दिवशी दुपारी आमच्या घरामागे जमायचे ठरले. मागे सात-आठ गुंठे मोकळी जागा होती, तिथे नुसते गवत आणि मोडकी खोकी. नियम एकच, विकतचे रोप आणायचे नाही. ज्या डोंगरात आपण राहतो तिथले लावायचे, आणि बी एकमेकींकडून घ्यायचे.

पहिले हसे माझे झाले ते मोहावरून. मोहाच्या बिया जूनमध्ये गोळा करून मी डब्यात भरून ठेवल्या, का तर स्वातंत्र्यदिनी मुलांच्या हातून लावू. एकही उगवली नाही. आजी म्हणाली, "मोहाचं बी थांबत नाही, मॅडम. पडलं की लावायचं." खरेच, काही आठवड्यांतच त्यातला जीव जातो. दुसऱ्या वर्षी ताज्या बिया लावल्या तेव्हा सासूबाई आडव्या आल्या. "मुसलमानाच्या अंगणात दारूचे झाड?" मग गटातल्या बायकांनी त्यांना बसवून समजावले. फुले भाजून, शिजवून खातात, बियांचे तेल निघते, दुष्काळात या झाडाने माणसे जगवली. सासूबाई पुरत्या पटल्या नाहीत, पण मागच्या भिंतीलगत एक रोप राहू दिले. आता त्याला पाणी त्याच घालतात, आणि मी विचारले तर "वुजूचे पाणी वाया कशाला घालवायचे?" म्हणतात.

करटुल्यांनी तर दोन वर्षे फसवले. वेल फोफावला, संध्याकाळी पिवळी फुले उमलायची, फळ मात्र नाही. करटुल्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो, हे मला बीएडपर्यंत शिकून कुणी सांगितले नव्हते. मादी फुलाच्या मागे इवलेसे काटेरी फळ आधीच दिसते, नर फुलाच्या मागे नुसता देठ. माझे सगळे वेल नर निघाले. गटातल्या एकीने मादी वेलाचा कंद आणून दिला, आणि नर फुल तोडून मादी फुलावर अलगद टेकवायला शिकवले. त्या श्रावणात पहिल्यांदा घरची करटुली चिरली.

चारोळीचे मात्र अजून काही खरे नाही. तिचे कवच कठीण, उगवण थोडी, वाढ हळू. फळ एप्रिल-मेमध्ये पिकते. पण भाव वाढला तसा पिकण्याआधीच फांद्या ओरबाडून फळ उतरवायची घाई सुरू झाली, आणि झाडाखाली बी पडायलाच उरले नाही. माझ्याकडे चार रोपे आहेत, गुडघ्याएवढी. त्यांची चारोळी शीरखुर्म्यात पडेल तेव्हा मी असेन की नाही, अल्लाह जाणे.

आता मक्याची गोष्ट. खरे तर तेवढीच सांगायची होती.

आमच्या तालुक्यात हरणखुरी नावाचे गाव आहे. बायफ संस्थेच्या मदतीने तिथल्या शेतकऱ्यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली आहे. नगर जिल्ह्यात अकोल्याजवळच्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बियाणे बँक हा शब्द सगळीकडे पोहोचला. आमच्या डोंगरातही असे काम चालते हे धडगावच्या बाजारात मात्र थोड्यांनाच ठाऊक. आमच्या गटाने तिथूनच धडा घेतला. बी उसने घ्यायचे आणि पीक आल्यावर दुप्पट परत करायचे, एका वाटीला दोन वाट्या. कायदाही यात आडवा येत नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा हक्क दिला आहे. पिशवीवर कंपनीचे नाव लावून मात्र विकता येत नाही.

त्या पालकसभेतल्या आजीने मला पांढऱ्या मक्याची एक वाटी दिली. भाकरीचा मका. बाजारातला पिवळा मका बराचसा कोंबडीखाद्याला जातो, घरात भाकरी रुचते ती पांढऱ्याचीच. चुलीवर टांगलेल्या, धुराने काळ्या पडलेल्या कणसांतून तिने ते दाणे सोडवले. हे बी तिच्या आईकडून आलेले. तिच्या पाड्यात बाकी सगळ्यांनी पिवळा धरला होता, आणि आदल्या वर्षी तिचे स्वतःचे पीक पावसाने गेले होते. म्हणजे घरात जे उरले त्यातलेच निम्मे ती मला देत होती. हे मला तेव्हा कळले नाही. तिने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

जूनमध्ये पेरणी झाली. त्याच आठवड्यात शाळेच्या परसबागेतही मका लावला. आमच्या कुंपणाला लागूनच शाळेचे मैदान आहे. बी कुठले? आमच्या दुकानातले, माझ्या मिस्टरांनी मुलांसाठी फुकट दिलेले. मी त्यांचे सर्वांसमोर आभार मानले होते.

सप्टेंबरमध्ये गटासमोर पहिले कणीस सोलले. पांढऱ्या दाण्यांत जागोजागी पिवळे दाणे, जणू कुणी हळदीची बोटे लावली आहेत. दुसरे सोलले, तेही तसेच. आजीने कणीस हातात घेऊन फिरवले, मग कुंपणापलीकडे पाहिले. तिकडे शाळेचा मका उभा होता. ती काही बोलली नाही. तिच्या सुनेने विचारले, "मॅडम, तुम्हाला माहीत नव्हतं का?"

आमच्या विज्ञानाच्या सरांनी नंतर फळ्यावर काढून दाखवले. मक्याच्या तुऱ्यातले पराग वाऱ्यावर जातात. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा. ज्या केसावर परका पराग पडला तो दाणा त्याच हंगामात रंग बदलतो, कारण पिवळा पांढऱ्यावर मात करतो. दोन वाणांत निदान दोनशे मीटर अंतर हवे, नाहीतर पेरणीत तीन-चार आठवड्यांचे. मी दोन्ही एका आठवड्यात पेरले होते, पन्नास पावलांवर.

झाड लावण्याविषयीची हदीस आपल्याला पाठ असते. मीही ती वर्गात सांगते. त्या रात्री मला मात्र अमानत हा एकच शब्द आठवत राहिला. इशानंतर मी सासऱ्यांना सगळे सांगितले. वाटले होते, ते म्हणतील एक वाटी मका तो काय, दुकानातून किलोभर देऊन टाक. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिला विचार, काय करायचे ते. माल तिचा आहे."

विचारायला मला चार दिवस लागले. आजीचे उत्तर तयारच होते. "पिवळे खुडून खा. पांढरे ठेव." बस्स. सरांना विचारले तर ते चकित झाले. म्हणाले, बरोबर आहे, जो दाणा पांढरा राहिला त्यावर परका पराग पडलाच नाही, त्याचे रक्त शुद्ध. आजी हे शाळेत न जाता जाणत होती. तिच्या शेताच्या बांधापलीकडेही पिवळा मका होताच की.

मग आठवडाभर आमच्या घरी रात्री निवडणे चालले. मोठ्या परातीत दाणे, भोवती मुले, सासूबाई, मी. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बोटांनी दाणे सरकवायला लागले, जन्मभर धान्य पारखलेली बोटे. जरा पिवळसर झाक दिसली की दाणा बाजूला. धाकटी म्हणाली, "दादाजी, हा तर पांढराच आहे." ते म्हणाले, "उजेडात धर."

पुढच्या वर्षाचे बोलणे सोपे नव्हते. शाळेत दुसरे बी लावावे लागेल, आणि शेजारच्या दोन शेतांना पिवळा मका तीन आठवडे उशिरा पेरायला सांगावे लागेल. हे सांगणार कोण, तर ज्यांनी त्यांना ती पिशवी विकली तेच. मिस्टर चिडले. "गिऱ्हाइकाला सांगू, थांबून पेर? पाऊस थांबतो का?" त्यांचे चूक नव्हते. एका शेजाऱ्याने ऐकले, दुसऱ्याने नाही. त्या वर्षीही पिवळे दाणे आले, पण कणसामागे दोन-चार. पुन्हा परात, पुन्हा चष्मा. तिसऱ्या वर्षी दुसरा शेजारीही थांबला. का, ते त्याने सांगितले नाही. मिस्टर त्याच्याकडे दोनदा जाऊन आले होते एवढे मला कळले.

तिसऱ्या दिवाळीनंतर आजी बाजारच्या दिवशी आली. मी घरातली तीच वाटी आणली. माप सासऱ्यांनी हातात घेतले. माप भरायचे म्हटले की आमच्या घरी दुसरे कुणी पुढे होत नाही. त्यांनी पहिली वाटी काठोकाठ भरली आणि सवयीने वरून बोट फिरवून सपाट करायला गेले. बोट मध्येच थांबले. त्यांनी पुन्हा ओंजळ घातली, शीग चढवली, आणखी घातली, दाणे ओघळून ओट्यावर पसरले. दुसरी वाटीही तशीच.

"शेठ, पुरे," आजी म्हणाली. दोन्ही वाट्या तिने फडक्यात बांधल्या. मग खाली बसून ओघळलेले दाणे एकेक वेचले, त्यातला एक उजेडात धरून नीट पाहिला, आणि पदरात टाकला.