देवाच्या रानातला पाचोळा

संकेश्वराजवळच्या एका माळटेकडीवर आमच्या देवाचे लहानसे रान आहे. धावडा, बेल, करंज, शिरीष, थोडा साग आणि कडेला पळस, एवढाच त्याचा संसार. काही वर्षांपूर्वी विश्वस्त मंडळावर आमची निवड झाली. नव्या उत्साहाच्या भरात आम्ही पहिले काम केले ते हे की, शिशिरात गळलेला सारा पाचोळा लोटून काढविला आणि पेटवून दिला. देवस्थान आरशासारखे स्वच्छ दिसू लागले. मंडळींनी आमची पाठही थोपटली.

मृगाचा पाऊस आला तेव्हा वृद्ध पुजारी आम्हांस पायऱ्यांपाशी घेऊन गेले. गढूळ पाणी लोंढ्याने खाली धावत होते. “वकीलसाहेब, दरसाल हे पाणी इथंच मुरतं. औंदा रानानं काही घेतलंच नाही,” एवढेच ते म्हणाले. पक्का वाटणारा दावा साक्षीदाराच्या एका वाक्याने कोसळावा, तसे आमचे झाले.

पुढे एकदा आपली हिरण्यकेशी जेथे उगम पावते त्या आंबोलीस जाण्याचा योग आला. तेथे वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. तेथील सदाहरित झाडे बारा महिने थोडी थोडी पाने टाकतात. कोकणात ज्याला पातेरा म्हणतात तो तेथे ओलाव्यात, बुरशीच्या तावडीत सापडून लवकर कुजतो. आमच्या रानाची रीत निराळी. झाडे पाणी वाचविण्यासाठी दोन-तीन महिन्यांत सारी पाने टाकून मोकळी होतात, आणि नेमका त्या वेळी कुजविणारा ओलावाच नसतो. वाळवी काय खाईल तेवढे. बाकीचा पाचोळा मृगापर्यंत तसाच पडून राहतो. पाऊस उशिरा आला की त्याचे कुजणेही लांबते.

हा विलंब म्हणजे रानाचा आळस, असे आम्ही समजत होतो. पण पहिल्या सरींचा मारा तोच अंगावर झेलतो. उघड्या मातीवर थेंब आदळले की वरचा थर चिकटून बसतो आणि पाणी आत शिरत नाही. शिवाय झाडोरा दाट असेल तेथेच पाचोळा टिकतो. विरळ जागचा वारा उडवून नेतो. पानापानांतही फरक आहेच. करंज-शिरीषाचे कोवळट पान लवकर मातीस मिळते, सागाचे राठ पान सावकाश.

जाता जाता वकिली स्वभावास अनुसरून सांगतो : 1927 च्या भारतीय वन अधिनियमात लाकूड कोठेही सापडो, ते वनोत्पन्नच, पान मात्र वनात सापडले किंवा वनातून आणले तरच. कायद्याने पानाची किंमत रानाशी बांधली आहे, हे आम्ही पदवीच्या परीक्षेसाठी पाठ केले होते; त्याचा अर्थ उमगण्यास वीस वर्षे लागली.

यंदाच्या बैठकीत एका सभासदाने सापकिरडांची आणि वणव्याची भीती बोलून दाखविली. ती खोटी नव्हे. वाळला पाचोळा एका विडीने पेटतो. अखेर प्रदक्षिणेची वाट आणि कडेने दहा हात रुंदीचा पट्टा झाडावा, आतल्या रानास केरसुणी लावू नये, असा ठराव झाला. ठरावाचा मसुदा आम्हीच केला. पुजाऱ्यांनी तो दोनदा वाचून घेतला, आणि ‘झाडावा’च्या आधी ‘न जाळता’ हे दोन शब्द घालावयास लावले.