जुन्या सर्व्हरला कुठलं व्हर्जन झेपेल?

'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?' आमच्या धंद्यात हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि बरेचदा ते बरोबरही असतं. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत या वाक्याला एक्स्पायरी डेट असते. सेंटओएस ७ ची होती ३० जून २०२४. त्यानंतर सिक्युरिटी पॅच बंद. मशीन चालूच राहतं, फक्त नवी भोकं कुणी बुजवत नाही.

ओळखीच्या एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात असंच एक मशीन आहे. डेल पॉवरएज आर-७१०, म्हणजे २००९ साली बाजारात आलेलं मॉडेल. त्यावर सेंटओएस ७, आणि पेशंटच्या नोंदींचं पीएचपीत लिहिलेलं सॉफ्टवेअर. 'नवा सर्व्हर घ्यायला दोनेक वर्षं तरी पैसे नाहीत, तोवर यावर काय टाकायचं ते सांगा,' असं ट्रस्टी म्हणाले.

आपला पहिला विचार नेहमीचाच. सगळ्यात नवं टाकू! पण २०२५ साली आलेल्या रेड हॅट १० ला एक्स८६-६४-व्ही३ पातळीचा प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ती पातळी २०१३ च्या हॅसवेलपासून सुरू होते. आर-७१० मधले झिऑन त्याआधीचे, व्ही२ वाले. अल्मालिनक्स १० ची व्ही२ साठी वेगळी आवृत्ती मिळते, पण बाहेरून घेतलेली रेड हॅट १० ची पॅकेजेस तिच्यावर चालतीलच असं नाही. दवाखान्यात असला जुगार नको.

राहिले ८ आणि ९. प्रोसेसरला दोन्ही चालतात. गोची होते ती रेड कंट्रोलरपाशी. या मशीनमध्ये पर्क एच-७०० आहे, आणि अशा जुन्या कार्डांचा सपोर्ट रेड हॅटने ९ मध्ये काढून टाकला. इन्स्टॉलर छान सुरू होतो, आणि मग म्हणतो, डिस्कच दिसत नाही. :) अल्मालिनक्सने मात्र २०२४ मध्ये ८.१० आणि ९.४ पासून यातल्या बऱ्याच जुन्या हार्डवेअरचा सपोर्ट परत आणला. म्हणून अल्मालिनक्स.

आता ८ की ९? ८ चे पॅच २०२९ पर्यंत, ९ चे २०३२ पर्यंत. कुणी म्हणेल, हे धूड २०३२ पर्यंत जगणार आहे का? नाहीच जगणार. पण माझ्या मते प्रश्नच चुकीच्या मशीनबद्दल विचारला जातोय. खरा खर्च इन्स्टॉलेशनचा नाही, त्याला एक दुपार पुरते. खर्च आहे सॉफ्टवेअरचा. सेंटओएस ७ सोबत पीएचपी ५.४ येतं. डेटाबेसशी बोलायची जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स २०१५ साली पीएचपी ७ मधून काढून टाकली गेली. म्हणजे ८ घ्या की ९, कोड बदलावा लागणारच, आणि बदलल्यावर सगळं तपासावंही लागणार. ९ वर ही मेहनत एकदाच करायची. उद्या नवा सर्व्हर आला की तेच व्हर्जन, तेच सॉफ्टवेअर उचलून तिकडे न्यायचं. ८ घेतलं तर २०२९ जवळ आल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तर मंडळी, जुन्या सर्व्हरचं व्हर्जन निवडायचं ते नव्या सर्व्हरकडे बघून. जुन्याला झेपेल आणि नव्यालाही पुरेल असं.

सध्या कोड बदलायचं काम चालू आहे. तोवर सर्व्हरचं इंटरनेट तोडलंय, फक्त दवाखान्यातल्या तीन कॉम्प्युटरना तो दिसतो. ९ जाईल ते नव्या डिस्कवर. जुन्या डिस्क काढून, कुठली कुठल्या खाचेतली ते लिहून, कपाटात ठेवायच्या. काही बिनसलं तर त्याच संध्याकाळी त्या परत बसवता येतील. आणि बॅकअप 'आहे' यावर भागवायचं नाही. तो दुसऱ्या मशीनवर उतरवून, एखाद्या पेशंटची जुनी नोंद उघडून बघायची. ती डॉक्टरांना नीट वाचता आली, की मगच जुन्याला हात लावायचा.