कुठलं डिजिटल?

१२ जून
काकांचा फोन. "मला डिजिटल शिकव." सारी हयात हॅम रेडिओवर मोर्समध्ये गेलेला माणूस. परवापर्यंत एफटी-एटला "दोन कॉम्प्युटरच्या गप्पा, माणसं चहा प्यायला मोकळी" म्हणत होते. एकाएकी काय झालं, विचारलं. पावसाच्या गोष्टी काढल्या.

१३ जून
संध्याकाळच्या रेडिओ-नेटवर, सगळे हॅम जमतात तिथे, त्यांनी स्वतःच विषय काढला. डॉक्टर: "हॉटस्पॉट घ्या, कोडप्लग मी देतो, टॉकग्रुप भरलेलेच आहेत." इंजिनिअरिंगचा पोरगा: "डीएमआर कशाला? सी-फोर-एफएमचा आवाज बघा." आणखी कुणी आरटीटीवाय म्हणालं. काका: "रॉजर, रॉजर." म्हणजे काही कळलेलं नाही.
आवाज आकड्यांत बदलून पाठवला (डीएमआर, सी-फोर-एफएम) तेही डिजिटल, आवाजाशिवाय नुसता मजकूर पाठवला (आरटीटीवाय, एफटी-एट) तेही डिजिटल. काकांना हे दुसरं हवंय. एफटी-एट: ७७ बिटांचा निरोप, १५ सेकंदांच्या पाळ्या. डॉक्टरांच्या जगात हे नाहीच.

१५ जून
काकांच्या रेडिओ-लॅपटॉपची फोनवरून जोडणी.
"काका, यूएसबी लावली का?"
"लावली की. लॅपटॉपला, रेडिओला."
"केबल नाही हो, मोड. अपर साइडबँड."
"मग तसं म्हण ना."
खरंय त्यांचं. त्यातही नुसती यूएसबी नको, त्यांच्या आयकॉमवर यूएसबी-डी हवं. पोराच्या याएसूवर तेच डेटा-यू. डॉक्टरांच्या केनवूडवर यूएसबी-डेटा. काम एकच: माइक बाजूला, आवाज लॅपटॉपकडून.

१६ जून
विजा. अँटेना काढून ठेवली.

१९ जून
काकांकडे गेले. वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल दिसतात त्या पट्टीवर, रेघा भरपूर, मजकूर एका ओळीचाही नाही. फोनवर सल्ल्यांची रांग. पोरगा: ड्रायव्हर पुन्हा टाका. डॉक्टर: पोर्ट बदला. काका पडद्याकडे बघत बसून राहिले. मग म्हणाले, "हे सगळे आपल्या आधी सुरू करतायत." लॅपटॉपचं घड्याळ चार सेकंद मागे होतं.
स्पीकर पूर्ण मोठा. माझ्या कानठळ्या बसल्या, त्यांना काही नाही. कपाटावर श्रवणयंत्राची डबी, सील न फोडलेली. विषय काढला नाही.

२० जून
काकांना सांगितलं, २०१७ साली एफटी-एट आणलं त्या दोघांतले जो टेलर म्हणजे पल्सारवाले, १९९३ चं नोबेल. "मग आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणींचाच धंदा," काका म्हणाले. आवडलेलं दिसलं.

२४ जून
पहिला संपर्क! २० मीटर, १४.०७४ मेगाहर्ट्झ, इटली. रिपोर्ट आला −१७ डीबी. मोर्सवर जन्मभर ५९९ चा उत्तम रिपोर्ट घेतलेला माणूस, चेहरा उतरला. पोरगा समजूत घालायला पुढे: "काका, सिग्नल नॉइजच्या खाली होता, तरी वाचला!" हे वाक्य सगळेच फेकतात. नॉइज किती रुंदीत मोजला, ते कुणी सांगत नाही. मी सांगितलं: २५०० हर्ट्झच्या पट्ट्यात. सिग्नलची स्वतःची रुंदी? साधारण ५०. काकांनी लॉगच्या कडेला भागाकार मांडला. पन्नासपट, म्हणजे १७ डीबी. "अरे, मग त्याच्यापुरत्या पट्ट्यात सिग्नल नॉइजच्या बरोबरीचा आहे. खाली कसला? आम्ही अरुंद फिल्टर लावून दुसरं काय करायचो?" पोराने वहीचा फोटो काढून घेतला.

२५ जून
काकांची शंका. आपला ग्रिड, म्हणजे नकाशावरचा चौकोन, एमके-६८, तर संपर्काच्या शेवटी येतो तो आरआर-७३ ग्रिड कुठला? तो निरोप घेण्याचा संकेत. पण त्या नावाचा ग्रिड खरंच आहे, आर्क्टिक समुद्रात. "तिथून कुणी बोलावलं तर?" उत्तर सुचलं नाही.

२८ जून
डॉक्टरांचा निरोप: काकांचा कोडप्लग तयार आहे, हॉटस्पॉट कधी घेताय? काकांना कळवलं. "त्यांना सांग, कानाचं काम नको." एवढंच. पुढे लगेच जपानकडे बँड कधी उघडतो ते विचारलं.
उद्या त्यांच्या लॅपटॉपवर घड्याळ जुळवायचं सॉफ्टवेअर टाकायचं.