बाकाखालची कोरडी जागा

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णी आणि मोहोळ यांच्या दरम्यान वसलेले मोडनिंब हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते, म्हणजे अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते झाल्यानंतर उरलेले वारे ज्या पट्ट्यावरून कोरडेच पुढे जातात त्या पट्ट्यात येते. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असून त्यातील मोठा वाटा सप्टेंबरच्या सुमाराचा असतो. अशा मुलखात पावसाला आत येऊ न देण्याच्या युक्त्यांविषयी लिहिणे वरवर विसंगत वाटेल. तथापि पाऊस क्वचितच येतो म्हणून तो आला की वस्तू कमी भिजतात असे होत नाही, उलट त्याची सवय नसल्यामुळे त्याच्यासाठीची तयारी बहुधा अपुरीच राहते. बोटीच्या बाकाखालच्या पेटीत साचणारे पावसाचे पाणी हा या लेखाचा विषय असला, तरी त्या पेटीचे पूर्वज बोटीपेक्षा पुष्कळ जुने आहेत, आणि त्यांचा शोध घेण्यासाठी पाण्यावर जाण्याचीही गरज नाही.

या पूर्वजांत पहिला मान पेवाचा आहे. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे तळघर. ते सहसा गावठाणातील उंचवट्यावर, पांढरीच्या घट्ट मातीत खणले जात असे, कारण शेतातील काळी माती पाणी धरून ठेवते आणि नेमका तोच तिचा गुण येथे दोष ठरतो. तळाला आणि कडेने कडब्याचा किंवा पाचटाचा जाड थर देऊन ज्वारी ओतली की तोंडावर शिळा किंवा फळ्या ठेवून वर मातीचा उंच लेप चढवला जाई, जेणेकरून पावसाचे पाणी तोंडाशी न थांबता बाजूला उतरून जावे. मोहोळच्या संशोधन केंद्राने निवड पद्धतीने सिद्ध केलेल्या एम-३५-१ या मालदांडी वाणाने ज्या रब्बी ज्वारीला नाव मिळवून दिले, ती ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलाव्यावर वाढते, माघ-फाल्गुनात काढली जाते, आणि मग पुढचा सगळा पावसाळा तिला पाण्यापासून दूर राहून काढायचा असतो. एकाच पावसाचे ऋण आणि भय असे दोन्ही हे पीक बाळगते. पेव बंद झाले की आतील धान्य आणि त्यातील कीटक श्वसन करून प्राणवायू संपवतात व कर्बवायू साचतो, त्यामुळे कीड मरते. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतू शकते आणि आधी पेटता कंदील खाली सोडून तो विझतो की काय हे पाहण्याची रीत पडली. दुष्काळात राजाचे धान्यभांडार रयतेसाठी खुले करणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या जिल्ह्यात आजही जिव्हाळ्याने सांगितली जाते, पण ते धान्य त्या दिवसापर्यंत कोरडे ठेवणाऱ्या अनाम माणसांचा उल्लेख कोणत्याही कथेत येत नाही.

दुसरा पूर्वज डोक्यावरचा आहे. प्रस्तुत लेखकाचे बालपण ज्या घरात गेले ते माळवदाचे होते, म्हणजे तुळयांवर किलचण, किलचणीवर पाल्याचा थर आणि त्यावर माती अंथरून केलेल्या सपाट छताचे होते. सपाट म्हणताना थोडी सावधगिरी हवी, कारण माळवदाला डोळ्यांना न जाणवणारा उतार दिलेला असतो आणि त्या उताराच्या शेवटी पन्हळ बसवलेला असतो, ज्यातून छतावरचे पाणी भिंतीपासून दूर पडते. उजेडासाठी आणि धुरासाठी छतात ठेवलेल्या भोकाला सवणे म्हणतात. त्याच्या कडेने मातीचा उंचवटा केलेला असतो आणि पाऊस लागला की त्यावर पत्रा किंवा परात पालथी घातली जाते, अशी की तिची कड उंचवट्याच्या बाहेर लोंबावी. मृगाच्या आधी माळवदावर खारी माती पसरून चोपणे हा घरातील मोठ्यांचा वार्षिक नेम होता. एवढे करूनही माळवद गळत असे, आणि तेव्हा गळतीच्या जागी घमेले ठेवून भांडी-अंथरुणे हलवली जात. छताने पाणी थोडेफार आत येणार हे गृहीत धरलेले होते आणि घराची सारी शिस्त त्या गृहीतकावर उभी होती.

पेव आणि माळवद यांच्यातील हा फरक पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. पेव पाण्याला आणि हवेला पूर्णपणे अडवते. ते त्याला साधते, कारण जमिनीखाली काही हात अंतरावर तापमान वर्षभर फारसे बदलत नाही आणि त्याचे तोंड वर्षातून एखाद्या वेळीच उघडते. माळवदाला रोज ऊन सोसावे लागते, त्याला सांधे आणि भोके आहेत, माणसे त्यावर चालतात. त्यामुळे ते पाण्याला अडवण्यापेक्षा वाट देण्यावर भर देते.

यानंतरच्या पेट्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कुर्डुवाडी-पंढरपूर हा बार्शी लाइट रेल्वेचा फाटा १९०६ मध्ये सुरू झाला आणि त्यावरील मोडनिंब स्थानकातून अडीच फुटी रुळांवरच्या गाडीत बाकाखाली पत्र्याची ट्रंक सरकवून शिकायला जाणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या गेल्या. त्या ट्रंकेच्या झाकणाची कड खाली वळवलेली असे, ही परातीचीच युक्ती. पुढे स्कूटर आली आणि बाकाखालची पेटी प्रत्येक घराच्या दारात उभी राहिली. स्कूटरच्या डिकीत विम्याचे कागद, वाहनाचे पुस्तक आणि पानाची पुडी एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवण्याची जी सवय सार्वत्रिक आहे, ती पाहता डिकीच्या रबरी पट्टीवर कोणाचाही खरा विश्वास नाही असे म्हणावे लागते.

बोटीचा प्रश्न या भागात उजनी धरणामुळे आला. माढा तालुक्यात भीमानगरजवळ भीमा नदीवर बांधलेले हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, असून त्यातील निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या दारांतून सोडता न येणाऱ्या पातळीखाली असते, आणि म्हणूनच उन्हाळ्यात उजनी ‘उण्या’त गेल्याच्या बातम्या येतात. हे धरण भरते ते मुख्यतः पुणे जिल्ह्यातील मावळात पडणाऱ्या पावसाने, त्यामुळे मोडनिंबच्या शिवारात पेरणी खोळंबलेली असताना उजनी तुडुंब असल्याचे दृश्य येथील लोकांना नवे नाही. जलाशयावर मासेमारीच्या आणि भिगवण-कुंभारगाव भागात रोहित पक्षी दाखवणाऱ्या बोटी बहुतांशी साध्या, उघड्या असतात. पॉन्टून बोट ही जात वेगळी: दोन किंवा तीन बंद पोकळ नळ्यांवर सपाट तक्तपोशी टाकून तिच्यावर कडेने गादीची बाके मांडलेली असतात आणि प्रत्येक बाकाखाली सामानाची पेटी असते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात अँब्रोज वीरेस या शेतकऱ्याने १९५१ च्या सुमारास लोखंडी पिंपे एकमेकांना जोडून त्यांवर लाकडी फलाट टाकला आणि ही बोट जन्माला आली; मोकळ्या पिंपांचा तराफा करून काम भागवणाऱ्या उजनीकाठच्या शेतकऱ्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखकाच्या एका आप्ताची अशी छोटी बोट जलाशयावर असल्यामुळे तिच्या पेट्यांशी त्याचा परिचय उतारवयात झाला. पहिल्या वळवाच्या सरीनंतर पेटीत हात घातला की दोर, पाने-पक्कड आणि जाकिटे ओली लागतात, आणि यावर बहुतेक मालकांची पहिली प्रतिक्रिया झाकणाला आणखी एक रबरी पट्टी लावण्याची, फटीत सिलिकॉन भरण्याची आणि तळाशी असलेले निचऱ्याचे भोक बुजवून टाकण्याची असते. थोडक्यात, पेटीचे पेव करण्याची. ही प्रतिक्रिया स्वाभाविक असली तरी चुकीची आहे. बेचाळीस अंशांच्या उन्हात बंद पेटीतील हवा तापून प्रसरण पावते आणि तिचा काही भाग फटींतून बाहेर निघून जातो. मग अचानक सर आली की पेटी झपाट्याने थंड होते, आतील हवा आकसते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि नेमक्या त्याच वेळी पट्टीवर साचलेले पाणी बाहेरच्या दाबाने आत ढकलले जाते. पट्टी जितकी घट्ट, तितका तिच्या एखाद्या कमकुवत कोपऱ्यावर हा ताण अधिक पडतो. एकदा आत गेलेल्या पाण्याला भोक बुजवल्यामुळे बाहेर पडता येत नाही, दुसऱ्या दिवशीच्या उन्हात त्याची वाफ होते, रात्री ती झाकणाच्या आतल्या बाजूस थेंब होऊन जमते, आणि पाऊस थांबल्यावरही पेटीत दमटपणा टिकून बुरशीला आयती जागा मिळते.

पाण्याची दुसरी वाट गादीतून जाते. गादीचे रेक्झिन पाणी अडवते, पण शिवणीतील प्रत्येक सुईचे छिद्र पाणी पिते. आतला स्पंज ते धरून ठेवतो, खालची प्लायवुडची फळी कुजते आणि तिच्यातून थेंब पेटीत उतरत राहतात. बोटीवर ताडपत्री घातली म्हणून हे टळत नाही, कारण आधाराशिवाय ओढलेली ताडपत्री दोन बाकांच्या मध्ये खोलगट होऊन तेथे पाण्याचे तळे साचते आणि त्या वजनाने शिवणीच गळू लागते.

यावरचे उपाय माळवदाकडून घेता येतात. पेटीच्या तोंडाला कडेने उभा ओठ असावा आणि झाकणाची कड त्याच्या बाहेर खाली वळलेली असावी, म्हणजे सवणे आणि परात यांचेच नाते. पट्टी असू द्यावी, पण ती वाऱ्याने उडणारे तुषार अडवण्यापुरती, साचलेले पाणी पेलण्यासाठी नव्हे. तळाला किंचित उतार असावा, सर्वांत खालच्या कोपऱ्यातील भोक तारेने साफ केलेले असावे, सामान तळाला टेकू नये म्हणून लाकडी पट्ट्यांची जाळी घालावी, आणि पावसाचे तोंड टाळून आडबाजूला हवेसाठी झडप ठेवावी. बोट किनाऱ्याला लागली की गाद्या उभ्या करून ठेवाव्यात, ताडपत्रीच्या मधोमध खांब देऊन तिला दोन्ही बाजूंनी उतार द्यावा. यात खर्चिक असे काहीच नाही. मात्र खारी माती पसरण्यासारखे हे काम दरवर्षी करावे लागते, आणि बहुधा म्हणूनच ते टाळले जाते. गंमत अशी की पॉन्टून बोटीत पेवही आहेच: तिला तरंगत ठेवणाऱ्या नळ्या पूर्ण बंद असतात आणि आडव्या पडद्यांनी त्यांचे कप्पे केलेले असतात, जेणेकरून एका कप्प्यात पाणी शिरले तरी बाकीचे बोटीला धरून ठेवावेत. त्या नळ्या कोणी उघडत नाही, म्हणून त्यांना बंद राहणे परवडते.

पेटीत काय ठेवावे हा प्रश्न मात्र छताच्या शास्त्राने सुटणारा नाही. दोर, नांगर, रबरी टेकू या वस्तू भिजल्या तरी वाळतात. कागद, विजेऱ्या आणि औषधांचा डबा यांना पेटीत जागाच नसावी, आणि ठेवायचेच झाले तर स्कूटरवाल्याची प्लॅस्टिकची पिशवी हाच अजूनही सर्वांत प्रामाणिक उपाय आहे. जीवरक्षक जाकिटांविषयी मत अधिक कठोर असायला हवे. मे २०२४ मध्ये याच जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. वळवाचे वादळ या भागात दुपार कलताना पाहता पाहता चालून येते. त्या अवधीत बाकावरच्या माणसांना उठवून, गादी उचलून, झाकण उघडून, एकमेकांत गुंतलेले पट्टे सोडवत जाकिटे वाटणे अशक्य असते. ती कोरडी आहेत की ओली, याला त्या क्षणी काही अर्थ उरत नाही. जाकिटे बोटीत पाऊल ठेवतानाच अंगावर चढावीत, दिवसअखेर काठावरच्या दांडीवर वाळत पडावीत, आणि बाकाखालच्या पेटीत त्यांच्यासाठी जागा राखूच नये.