राख काढणारा याजक



हॉटेलच्या भटारखान्यात शेगड्यांवर पत्र्याचा मोठा हूड असतो. त्यात फिल्टर, त्यामागे पत्र्याचा बोगदा म्हणजे डक्ट, आणि गच्चीवर धूर ओढणारा पंखा. तळणाची वाफ तेल घेऊन वर जाते. थोडं तेल फिल्टर अडवतो, उरलेलं डक्टच्या थंड पत्र्यावर बसतं आणि त्याचा काळा, चिकट थर होतो. एखाद्या दिवशी कढईतली ज्वाळा उसळून आत शिरली की तो थर पेटतो, आणि पंखाच ती आग वर ओढून नेतो.

आमच्या मंडळीतला एक तरुण हे डक्ट साफ करतो. उद्यमबागेतल्या कारखान्यांची कॅन्टीनं रविवारी बंद असतात, म्हणून त्याचं काम शनिवारी रात्री. पहाटे घरी येऊन, आंघोळ करून तो उपासनेला येतो आणि मागच्या बाकावर त्याला डुलकी लागते. त्यावरून कुजबुज झाली. शास्त्रवाचनाच्या यादीतून त्याचं नावही गळलं.

एका शनिवारी मी त्याच्याबरोबर गेलो. शेगड्या निवल्यावर मुलांनी त्यांच्यावर प्लास्टिक अंथरलं, फिल्टर उतरवले. स्टीलचे फिल्टर कॉस्टिकच्या गरम पाण्यात बुडवले, ॲल्युमिनियमचे मात्र बाजूला ठेवले. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं. मग तो आडवा होऊन डक्टमध्ये शिरला आणि खरवडू लागला. सगळ्यात कठीण जागा वळणाची, जिथे बनवणाऱ्याने झाकणच ठेवलेलं नसतं. "काका, दिसतं ते कॅन्टीनवाले रोज पुसतात," तो आतून म्हणाला. "आम्हाला बोलावतात ते न दिसणाऱ्यासाठी."

अमेरिकेच्या एनएफपीए ९६ या नियमावलीत लाकूड-कोळशावर चालणाऱ्या स्वयंपाकघराचं डक्ट दर महिन्याला, चोवीस तास चालणाऱ्याचं दर ३ महिन्यांनी तपासायला सांगितलं आहे. वर्षातून एकदा तपासायच्या यादीत चर्चचं स्वयंपाकघरही आहे! तेव्हापासून मी आपल्या हॉलच्या स्वयंपाकघरात जरा मान वर करून बघतो.

त्याचं बोलणं ऐकून कुणालाही प्रभूने परूश्यांना दिलेला वाटी-ताटाचा दाखला आठवेल. मला लेवीयाचा सहावा अध्याय आठवला. वेदीवरचा होम रात्रभर जळायचा, शांत्यर्पणांची चरबीही त्याच आगीवर. सकाळी याजकाने सणाची वस्त्रं घालून राख उचलायची, वेदीजवळ ठेवायची, मग वस्त्रं बदलून ती छावणीबाहेर स्वच्छ जागी न्यायची. हे काम देवाने नोकराला दिलं नाही, याजकालाच दिलं. आग कधी विझू द्यायची नाही ही आज्ञा तिथेच लगेच पुढे आहे, आणि राख साचलेल्या वेदीवर ती आज्ञा पाळायची तरी कशी? आपण वचन वाचणाऱ्याला सेवक म्हणतो आणि राख काढणाऱ्याला झोपाळू, हे मला पटत नाही.

संध्याकाळच्या उपासनेत त्याला वाचन द्यावं, असं मी पाळकसाहेबांना सांगितलं आहे. कमिटीची बैठक व्हायची आहे. तोवर शनिवारी रात्री झोपण्यापूर्वी त्याची आणि त्याच्या दोघा सोबत्यांची प्रार्थनेत आठवण करा: आत शिरण्याआधी पंख्याची वीज बंद झालेली असो, कॉस्टिक डोळ्यांत न उडो, आणि पहाटे घाटातून घरी येताना मोटारसायकलवर कुणाला झोप न लागो.