कोपराला आधार कोणाचा?

गुडघा बदलणे ही गोष्ट आता आपल्या घराघरांत परिचयाची झाली आहे; कोपरही बदलता येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आमच्या आत्याच्या निमित्ताने ते आम्हाला कळले. संधिवाताच्या ‘रूमॅटॉइड’ प्रकाराने तिचे उजवे कोपर इतके झिजले होते की, घास तोंडापर्यंत नेणेही तिला अवघड जाई. शस्त्रक्रिया ठरवताना डॉक्टरांनी हाडांइतकीच अस्थिबंधांची तपासणी केली, याचे आम्हाला नवल वाटले.

अस्थिबंध म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे. कोपरात दंडाचे एक आणि मनगटाकडे जाणारी दोन अशी तीन हाडे एकत्र येतात. त्यांच्या आतल्या व बाहेरच्या बाजूंचे पट्टे सांध्याला आडवे उघडू देत नाहीत. आम्हा नाशिककरांना हे द्राक्षबागेवरून चटकन उमजावे. मंडपाचे खांब केवळ खड्ड्यातल्या मातीच्या बळावर उभे नसतात. कडेच्या ताणाच्या तारा त्यांना सावरतात. त्या तुटल्या की घडांच्या भाराची सारी ओढ खांबाच्या बुडाशी येते आणि खांब खड्ड्यातच हलू लागतो.

कृत्रिम कोपराचा इतिहास याहून वेगळा नाही. १९७० च्या दशकात दाराच्या बिजागरीसारखे घट्ट जोडलेले धातूचे सांधे बसवले गेले. परंतु प्रत्येक आडवा हिसका थेट हाड व सिमेंट यांच्या जोडावर जाई आणि अनेकांचा सांधा काही वर्षांतच ढिला होई. पुढे दोन वाटा निघाल्या. एकीत दोन्ही भाग सुटेच ठेवले गेले; जपानचे डॉ. कुडो यांचा सांधा आणि स्कॉटलंडमधील साउटर-स्ट्रॅथक्लाइड सांधा हे त्या जातीचे. त्यांचे स्थैर्य मुख्यतः रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिबंधांवर अवलंबून. ते निकामी असतील तर सांधा निखळतो. दुसरीत बिजागरी राखली, पण ती काही अंश सैल केली. अमेरिकेतील कूनराड-मोरे सांधा असा आहे. कोलकात्याचे डॉ. डी. पी. बक्षी यांनीही अशीच सैल बिजागरी रचली व १९९८ साली तिचे अनुभव ब्रिटनमधील अस्थिशल्य-नियतकालिकात प्रसिद्ध केले. या सैलपणामुळे भाराचा काही वाटा स्नायू व उरलेले अस्थिबंध उचलतात.

आत्याचे अस्थिबंध रोगाने विरले होते, म्हणून तिला सैल बिजागरीचा सांधा बसवला. आज ती आपल्या हाताने जेवते, वेणी घालते. नातेवाईक मात्र म्हणतात, “आता काय, पोलादी हात!” हा समज धोक्याचा आहे. या हाताने एका वेळी चार-पाच किलोंहून अधिक, आणि वारंवार एका किलोहून अधिक वजन उचलू नये, असा सल्ला शल्यचिकित्सक सर्वसाधारणपणे देतात, आणि तोही जन्मभरासाठी. बाजूला हात लांबवून पाण्याची कळशी ओढणे तर वर्ज्यच.

तिच्या नातवाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळाला उचलून घ्यावे, ही तिची फार इच्छा होती. तिने बाळाला बसूनच मांडीवर घेतले. उचलून तिथे ठेवणारे हात आमचे होते. ज्यांच्या घरी असे कोपर आहे, त्यांनी कुकर उतरवायला आणि बादली उचलायला आपण होऊन पुढे व्हावे. तुटलेल्या तारांची जागा थोडीफार घरच्या माणसांनाच भरून काढावी लागते.