पिको बेटावरचे टेहळे

पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून सुमारे दीड हजार किलोमीटर पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये अझोरेसची नऊ बेटं आहेत. छोट्या जहाजावरचा आमचा प्रवास तेर्सेरा बेटावरून सुरू झाला. तिथल्या आंग्रा बंदराचा आणि आपल्या किनाऱ्याचा जुना संबंध आहे. हिंदुस्थानातून परतताना वास्को द गामाचा भाऊ पाउलो आजारी पडला. त्याला इथे उतरवलं आणि १४९९मध्ये तो इथेच वारला. पुढे गोव्याहून मिरी-मसाले भरून निघालेली जहाजं लिस्बनच्या आधी इथे पाणी आणि शिधा घ्यायला थांबत.

दुसरा मुक्काम पिको बेटावर होता. बेटाचा ज्वालामुखी २,३५१ मीटर उंच, म्हणजे पोर्तुगालचं सर्वांत उंच शिखर. पण मुलांचं लक्ष गेलं ते लाजेस गावाबाहेर कड्यावर असलेल्या पांढऱ्या खोलीकडे. समोर आडवी फट आणि फटीला दुर्बीण लावून बसलेला माणूस. ही ‘विजिया’, टेहळणीची खोली.

देवमासे मारणारी अमेरिकी जहाजं इथले तरुण खलाशी म्हणून नेत. ते कसब शिकून बेटकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावरूनच देवमाशांची शिकार सुरू केली. टेहळ्याने दारूचा बाण आकाशात उडवला, की माणसं शेतातली कामं टाकून बंदराकडे धावत. अरुंद होडीत सातजण बसत आणि हार्पून शेवटपर्यंत हातानेच फेकत. गरीब बेटांवर देवमाशांच्या तेलाचा पैसा यायचा, त्यासाठी कैक जणांनी जीव गमावला. शेवटचा देवमासा १९८७मध्ये मारला गेला. त्यानंतर लवकरच देवमासे पाहण्याच्या सफरी सुरू झाल्या आणि देवमासे शोधून द्यायला पुन्हा तेच टेहळे बसले. माझ्या मते या बेटांनी केलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

आम्हीही अशाच सफरीला निघालो, तेव्हा आमच्या नावाड्याला टेहळ्याकडून वायरलेसवर दिशा मिळाली. इंजिन बंद करून त्याने पाण्यात माइक सोडला. दुरून टांगा यावा तशा टकटकीने स्पीकर भरून गेला. खोल अंधारात म्हाकूळ शोधणाऱ्या स्पर्म व्हेलचा तो आवाज. थोड्या वेळाने डावीकडे तिरकी फवारणी उडाली. सुरकुतलेली, करडी पाठ लाटांवर स्थिरावली. शेजारी पिल्लू होतं. काही श्वास घेऊन आईने पाठ कमानीसारखी वाकवली, शेपूट उभं राहिलं आणि ती खाली गेली. पिल्लू वरच राहिलं.

“आई त्याला एकटं टाकून गेली?” धाकटीने घाबरून विचारलं. पिल्लांना तेवढं खोल जाता येत नाही आणि आई खाली असताना कळपातल्या दुसऱ्या माद्या त्यांच्याजवळ थांबतात, हे नावाड्याने सांगितलं. खरोखरच जरा वेळाने दुसरी पाठ पिल्लाकडे सरकली, तेव्हा कुठे तिने माझा हात सोडला.

स्पर्म व्हेल इथे वर्षभर असतात, निळे देवमासे पाहायचे तर वसंतात जावं. मुलांना नेणार असाल तर बोटीत बसण्याआधी लाजेसचं देवमासे-शिकाऱ्यांचं संग्रहालय नक्की दाखवा. तिथे ते हार्पून आणि त्या होड्या जपून ठेवल्या आहेत.